उन्हाच्या दिव्याचं तोंड

ह्यांना परभणीहून वेल्डिंगच्या काड्या आणायला पाठवलं होतं. काड्या विसरले आणि सूर्य घेऊन आले. म्हणजे सूर्याचा धंदा. जिल्ह्याच्या ऑफिसात लहान कारखानदारांचा मेळावा भरला होता. कुणीतरी ओळखीच्यानं ह्यांना हाताला धरून आत नेलं, चहा पाजला आणि खुर्चीवर बसवून दिलं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, खेड्याखेड्यांत उन्हावर चालणारे दिवे लागणार आहेत आणि त्यात आपल्यासारख्यांना लय काम आहे. काय काम, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेच नीट कळलं नाही.

आमचं दुकान बोरीत, जिंतूरच्या रस्त्याला. सासऱ्यांच्या हयातीत तिथं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसायच्या, वखराच्या बोथट झालेल्या पासा तापवून, ठोकून, शेवटून मिळायच्या. मग गाड्यांना रबरी टायर आले आणि धावा बसवायचं काम बसलं. ह्यांनी भात्याच्या जागी वेल्डिंगचं मशीन आणलं, दारं-खिडक्या करू लागले. पण दारं-खिडक्या करणारे बोरीत आणखीही होते, आणि ज्याला घर बांधायचं तो थेट परभणीला जायचा. सासरे वारले त्या पावसाळ्यात दुकानात दिवसदिवस हातोड्याचा आवाज नसायचा. ह्यांच्या चुलतभावानं पुण्याच्या एका कारखान्यात वेल्डरची जागा बघून ठेवली होती. संक्रांत झाली की ये, म्हणून त्याचा निरोप होता. हे गेले असते तर मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागं राहणार होतो. मला ते नको होतं, अजिबात नको होतं. कारखान्यात गेलेला माणूस सणाला घरी येतो आणि सणासारखाच निघून जातो, हे मी माहेरी माझ्या भावाचं बघितलं होतं. म्हणून न समजलेल्या धंद्यालाही मी होकार दिला.

दुसऱ्या खेपेला ह्यांनी समजून घेतलं ते असं. उन्हातून वीज काढणारी काचेची काळी पाटी बाहेरून येणार. दिवा बाहेरून येणार, बॅटरीही बाहेरून. मग आपलं काय? तर खांब. खांबाच्या डोक्यावर पाटी तिरकी धरून ठेवणारी अँगलची चौकट, ती आवळायचे क्लॅम्प आणि खाली बॅटरीला पत्र्याची पेटी, कुलूपकडीसकट. मी म्हटलं, म्हणजे सूर्य आपला नाही, पाटी आपली नाही, दिवा आपला नाही, आपण नुसतं त्यांना उभं करायचं. हे म्हणाले, व्हय. मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण ज्या धंद्यातलं आपलं काम एका वाक्यात सांगता येत नाही त्यात माणसानं पडावं का, हे मला ठरवता येईना. ऑफिसातल्या साहेबांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं. आधी तीन गावांत नमुन्याचे खांब उभे करायचे. ते पसंत पडले तर सगळ्या जिल्ह्याचं काम आपल्याला, नाही पडले तर बाहेरच्या कारखान्याला.

कामाची गंमत अशी की उन्हाच्या दिव्यांचे खांब जोडायला आम्हाला वीज लागायची, आणि वीज नसायची. येलदरी आमच्यापासून काही लांब नाही. तिथं धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते, ती आमच्या डोक्यावरच्या तारांतून कुठं जाते देव जाणे. हे मशीनपाशी काडी हातात धरून बसायचे आणि वीज आली की एकदम उठायचे. पत्रा आणि अँगल परभणीहून आणायचे तर त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद, कधी मोर्चा, बस सुटेल की नाही त्याचा भरवसा नाही. एकदा हे अँगलची मोळी घेऊन स्टँडवर दिवसभर बसले आणि ती मोळी तिथंच एका हॉटेलवाल्याकडं ठेवून रिकाम्या हातानं परत आले. आत्याबाई म्हणाल्या, उन्हाचा धंदा म्हणता आणि सावलीत बसून राहता. त्या फारशा बोलत नसत. सासरे गेल्यापासून तर आणखीच कमी झालं होतं, म्हणून त्यांचा हा टोमणा ऐकून मला बरंच वाटलं.

चौकट मात्र ह्यांनी छान केली. क्लॅम्प असा बेतला होता की बोल्ट सैल केले की सगळी चौकट खांबाभोवती फिरायची आणि आवळले की हलायची नाही. हे आल्यागेल्याला ते फिरवून दाखवायचे. मी वरून लाल रंगाचा हात दिला, त्यावर रुपेरी. खांब दुकानासमोर आडवे ठेवले होते तेव्हा बाजाराला आलेली माणसं थांबून विचारायची, हे काय हाय. हे सांगायला लागायचे आणि मधेच अडखळायचे. पुढचं मी सांगायचे आणि मीही अडखळायचे. शेवटी ती माणसं मान हलवून निघून जायची, आम्हालाच समजावल्यासारखी.

दिवाळी झाल्यावर खांब उभे राहिले. एक चुडाव्याला स्टेशनच्या वाटेवर, एक येलदरीच्या अलीकडच्या गावात आणि एक बोरीत, आमच्याच आळीत, घरासमोरच्या मोकळ्या जागेत. बसवायचं काम ह्यांचंच होतं. कसे बसवायचे ते साहेबांनी ह्यांना ऑफिसात सांगितलं होतं. मी काही बरोबर गेले नाही, आमच्या आळीतलाही उभा राहिला तेव्हा मी माहेरी एका लग्नाला गेले होते. परत आले तर घरासमोर दिवा. दिवस मावळला की आपोआप लागायचा. वीज गेलेल्या आळीत तो एकटाच पांढरा उजेड, त्याच्याखाली पोरं दंगा करायलीत, बाया हातातलं काम घेऊन येऊन बसल्यात. मला अभिमान वाटला, तो लपवायचं मला काही कारण नव्हतं. मी दोनदा उगीचच पाणी टाकायला बाहेर गेले.

आठवडा गेला आणि दिवा लवकर विझू लागला. आधी झोपायच्या वेळेला, मग त्याच्याही आधी. थंडी वाढली तसा तो जेवणं होतात न होतात तोवर लाल पडून जायचा. चुडाव्याहून निरोप आला, तिथंही तेच. येलदरीकडूनही तेच. साहेबांनी तर सांगितलं होतं की दिवा सकाळपर्यंत जळला पाहिजे.

मग माझ्या डोक्याचं जे भुसकट झालं ते विचारू नका. मला वाटलं पेटीत पाणी जातंय. मी पेटी उघडून कोरड्या फडक्यानं पुसली, ती आधीच कोरडी होती. मग वाटलं धूळ बसली असेल. ह्यांना शिडीवर चढवून पाटी पुसून घेतली, दिवा तसाच. तारेचा जोड तपासला. रुपेरी रंगामुळं काही होतं का, असाही एक खुळा विचार मनात आला आणि मी तो ह्यांना बोलून दाखवला. हे म्हणाले, असंल. इतर वेळी माझ्या असल्या बोलण्याला हे हसले असते. मी म्हटलं, पाटीच खराब असेल, म्हणजे दोष आपला नाही. हे म्हणाले, असंल. काहीही म्हटलं तरी असंल. मला इतका राग यायचा की ताट आपटून ठेवायचे. धंदा बुडायला लागलाय, माणूस पुण्याला जायला निघालाय, आणि त्याला कशाचंच काही वाटत नाही, असं मला वाटलं. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि ओसरीत ठेवली. मी ती रोज आत सरकवायचे, हे रोज बाहेर आणायचे.

संक्रांतीच्या अलीकडं साहेब आले. तरुण होते, डोक्याला रुमाल बांधून जीपमधून उतरले. खांब हलवून बघितला, पेटी उघडली, जोड बघितले, सगळं चांगलं आहे म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी खिशातून दिशा दाखवणारी एक डबी काढली, तळहातावर धरली आणि वर बघितलं. परत डबीकडं बघितलं. म्हणाले, ही पाटी उत्तरेकडे तोंड करून आहे. दक्षिणेकडे पाहिजे, मी सांगितलं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, पाटीला ऊन मिळणार कुठून?

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांची मान खाली होती. एका क्षणात मला सगळं कळलं आणि तरी काहीच कळलं नाही. ह्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फडकी घेऊन पेट्या पुसत होते, तेव्हाही माहीत होतं.

साहेबांनी विचारलं, इतर दोन गावांतही असंच बसवलंय का? हे म्हणाले, व्हय. का, असं साहेबांनी विचारलं. रागानं नाही, त्यांनाही कळत नव्हतं म्हणून. हे खांबाला हात लावून बोलले.

“साहेब, दक्षिणेला तोंड करून दिवा आमी माणूस गेल्यावर लावतो. गावात जिवंत माणसांच्या दारात तसा कसा लावायचा?”

साहेब म्हणाले की तोंड पाटीचं आहे, दिव्याचं नाही, दिवा तर खाली बघतो. हे म्हणाले, पाटीच्या जिवावर दिवा हाय, एकच झालं की. ऊन काय वरून पडतंय, तोंड कुठंबी असलं तरी लागंल असं वाटलं. साहेबांनी रुमाल सोडला, परत बांधला. त्यांना हसावं की ओरडावं हे समजत नसावं. आळीतली चार माणसं जमली होती, त्यांतलं कुणी हसलं नाही. साहेब एवढंच म्हणाले की ते पुढच्या आठवड्यात परत येतील. पाट्या दक्षिणेकडं असल्या, दिवे सकाळपर्यंत जळाले आणि गावाची तक्रार नसली तर काम तुमचं. नसता त्यांच्या हातात काही नाही.

जीप गेल्यावर मी ह्यांना घरात बोलावून जे बोलायचं ते बोलले. मला कामून सांगितलं नाही, असं विचारलं. ते म्हणाले, वडील जाऊन वर्ष झालेलं नाही, घरात तो शब्द कसा काढायचा. आईच्या कानावर कसा घालायचा. सासरे गेले तेव्हा त्यांच्या जागेवर पिठावर ठेवलेला दिवा, त्याची वात दक्षिणेकडं, हे मीही बघितलं होतं. त्या दिवसांत मी त्या कोपऱ्याकडं पाठ करून वावरायचे. आता ह्यांच्यावर रागावू की नको हेच मला कळेना. धंदा म्हणून विचार केला तर हा माणूस वेडा होता. आणि धंदा सोडून विचार केला तर मीही पाटी उत्तरेकडंच फिरवली असती.

चुडाव्याला हे दुसऱ्याच दिवशी गेले. तिथल्या सरपंचांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, रेल्वेचे दिवे चारी दिशांना तोंड करून उभे हायत, फिरवा बिनघोर. हे फिरवून आले. येलदरीकडच्या गावात थोडी कुजबूज झाली, पण तिथल्या लोकांना विजेच्या खांबांची, तारांची सवय होती, त्यांनीही फिरवू दिलं. राहिली बोरी. राहिली आमची आळी, आमचं घर आणि आमचा स्वतःचा गेलेला माणूस.

हे शिडी लावायचे आणि खाली उभे राहायचे. दोन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पदर खोचला, ह्यांच्या हातातला पाना घेतला आणि शिडीवर चढले. बाईमाणूस खांबावर चढलेलं आमच्या आळीनं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं बघायला सगळी आळी आली. ह्यांनी मला थांबवलं नाही. शिडी तेवढी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी बोल्ट सैल केले, चौकट ढकलली. ह्यांचा क्लॅम्प इतका चांगला होता की ती एका हातानं फिरली. बोल्ट मात्र मी दोनदोनदा आवळले. खाली उतरल्यावर एका म्हातारीनं विचारलं, कुणासाठी लावलास गं हा? मी पाना ह्यांच्या हातात दिला आणि घरात गेले.

दिवा सुधारला. हळूहळू करत पार सकाळपर्यंत पुरू लागला. मी चुलीला जाळ घालायला उठायचे तेव्हा बाहेर अजून उजेड असायचा. पण त्याच्याखाली कुणी येईना. पोरांना आया हाक मारून घरात घ्यायच्या. ज्या बाया आधी तिथं वाती वळायला, शेंगा फोडायला बसायच्या त्या आता आपापल्या चिमणीच्या धुरात बसायच्या. जाणारा माणूस उजेडाला वळसा घालून अंधारातून जायचा. एवढा लख्ख उजेड आणि मधे कुणी नाही, हे बघून मलाच कसंतरी व्हायचं. मी केलं ते बरोबर की चूक, याचा मला थांगच लागेना. बोरीचे सरपंच येऊन ह्यांना सांगून गेले की साहेब आले की गाव म्हणणार, हा खांब काढा, लोक भ्यायलेत. तुमच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही, पण इलाज न्हाई, असंही म्हणाले.

त्या दिवशी ह्यांनी ट्रंकेत कपडे भरले. मी ट्रंक आत सरकवली नाही. माझ्यात जोरच उरला नव्हता. मी ओट्यावर बसून समोरच्या रिकाम्या उजेडाकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. ह्यांना ते दिसलं आणि ते खुंटीवरचा सदरा काढायचं निमित्त करून आत गेले.

दिवेलागण होऊन थोडाच वेळ झाला होता. आळीत सगळे जागे होते, चुली पेटलेल्या होत्या. आत्याबाई आतून आल्या. एका काखेत पोतं, हातात सूप, सुपात तुरीची डाळ. मला वाटलं माझ्याशेजारी ओट्यावर बसतील. त्या पायऱ्या उतरल्या, मोकळ्या जागेतून सरळ चालत गेल्या, खांबाच्या बुडाशी पोतं अंथरलं आणि बसल्या. खडे निवडू लागल्या. मी उठून उभी राहिले. दारादारांतून माणसं बघायला लागली.

हे बाहेर आले. आईला तिथं बघून ते चप्पल न घालताच पायऱ्या उतरले. भराभरा गेले आणि म्हणाले, आई, उठ, घरात चल. त्या उठल्या नाहीत. त्यांनी डाळ एकदा पाखडली. मग मान वर न करता बोलल्या. आवाज चढवला नव्हता, पण आळी एवढी गप्प होती की सगळ्यांनी ऐकलं.

“तुझा बाप गेला तवा दहा दिवस मीच लावलाय की तिकडं तोंड करून दिवा. त्यांना दिसला का न्हाई, मला कुणी सांगायला आलं न्हाई. ह्या दिव्यात मला डाळीतला खडा दिसायलाय.”

हे तसेच उभे राहिले. मग खाली बसले, आईसमोर, मातीत, आणि सुपाच्या कडेची डाळ पुढं ओढून खडे निवडू लागले. ह्यांनी आयुष्यात कधी डाळ निवडली नव्हती. ते डाळच बाजूला टाकत होते, आत्याबाई ती उचलून परत सुपात टाकत होत्या. मी घरात गेले आणि ट्रंकेतले कपडे काढून खुंटीला लावले.